ग्रामनिधीचा जमाखर्च आणि व्यापारी कुटुंबांचे कर्तव्य

चांदणी चौक ओलांडून पौडच्या दिशेने निघाले की भूगाव, भुकूम, पिरंगुट ही गावे एकामागून एक लागतात. एके काळी या रस्त्याच्या दोन्ही अंगांना भाताची खाचरे होती. आज तेथे गृहसंकुले, मंगल कार्यालये, गोदामे आणि दुकानांच्या रांगा उभ्या आहेत. तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला हिंजवडी आणि माण येथे माहिती तंत्रज्ञानाची नगरी वसली आहे. मुळशी तालुक्याचा हा पालट ज्यांनी गल्ल्यावर बसून पाहिला, त्यांत किराणा, कापड, भांडी, सोने-चांदी आणि बांधकाम साहित्याचा व्यापार करणारी जैन कुटुंबेही आहेत.

दुकानदाराला गावाची नस कळते. कोणते गटार पहिल्या पावसात तुंबते, कोणता दिवा महिनोन्‌महिने बंद असतो, कोणती मुले दिवसभर पारावर बसून असतात, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. मात्र या गोष्टींसाठी गावाला किती पैसा मिळतो, तो कोणत्या खात्यात जमा होतो आणि कसा खर्च पडतो, हे विचारले तर बहुतेक ठिकाणी दोनच उत्तरे ऐकू येतात. एक म्हणतो, ‘ग्रामपंचायतीकडे पैसाच नाही.’ दुसरा म्हणतो, ‘पैसा येतो, पण मधल्या मध्ये जिरतो.’ ही दोन्ही उत्तरे वही न उघडता दिलेली असतात. स्वतःच्या पेढीबाबत असे उत्तर कोणताही व्यापारी देणार नाही. म्हणून ही वही उघडून पाहणे अगत्याचे आहे.

पैसा कोठून येतो

संविधानाची ७३ वी दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अंमलात आली. तिने पंचायतींना संविधानात स्थान दिले आणि अकराव्या अनुसूचीत २९ विषय त्यांच्यासाठी नमूद केले. पिण्याचे पाणी, रस्ते, आरोग्य व स्वच्छता, शिक्षण, तांत्रिक व व्यावसायिक प्रशिक्षण, ग्रंथालये, सांस्कृतिक उपक्रम यांबरोबरच बाजार व जत्रा हाही विषय त्या यादीत आहे. म्हणजे ज्या बाजारपेठेत दुकान आहे ती बाजारपेठही पंचायतीच्या कक्षेतली आहे.

गावाकडे येणारा पैसा साधारणपणे पाच वाटांनी येतो. पहिली वाट केंद्रीय वित्त आयोगाची. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी देशातील ग्रामीण स्थानिक संस्थांकरिता २,३६,८०५ कोटी रुपयांची शिफारस केली. महाराष्ट्रात या निधीची वाटणी ग्रामपंचायत ८० टक्के, पंचायत समिती १० टक्के आणि जिल्हा परिषद १० टक्के अशी ठरवण्यात आली. याचा अर्थ सर्वांत मोठा वाटा गावाच्याच खात्यात येतो.

दुसरी वाट राज्य शासनाची. ग्रामीण भागातील जमीन व घरांच्या खरेदी-विक्रीवर मुद्रांक शुल्काबरोबर १ टक्का अधिभार घेतला जातो आणि त्यातील हिस्सा जिल्हा परिषदेमार्फत ग्रामपंचायतींपर्यंत पोचतो. मुळशीसारख्या तालुक्यात, जेथे जमिनीचे व्यवहार अखंड चालतात, हे उत्पन्न दुर्लक्ष करण्याजोगे नाही. याखेरीज जिल्हा नियोजन समितीकडून ‘जनसुविधा’ आणि मोठ्या गावांसाठी ‘नागरी सुविधा’ या नावांनी विशेष अनुदान मिळते. स्मशानभूमी, अंतर्गत रस्ते, गटारे, ग्रामपंचायत कार्यालय अशी कामे त्यातून होतात.

तिसरी वाट लोकप्रतिनिधींच्या स्थानिक विकास निधीची. खासदारांना वर्षाला ५ कोटी आणि राज्यातील आमदारांनाही वर्षाला ५ कोटी रुपयांपर्यंतची कामे सुचवता येतात. चौथी वाट गावाच्या स्वतःच्या उत्पन्नाची. घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर, आरोग्य कर, बाजार फी आणि गाळ्यांचे भाडे ही तिची अंगे. पाचवी वाट लोकवर्गणीची. ती आकाराने लहान असली तरी गुणाने मोठी आहे, त्याचा विचार पुढे येईल.

देवद्रव्य, साधारण आणि बंधित निधी

वित्त आयोगाचा पैसा ‘बंधित’ आणि ‘अबंधित’ अशा दोन भागांत येतो. २०२१ ते २०२६ या काळासाठी ६० टक्के निधी बंधित ठेवण्यात आला. त्यातील निम्मा स्वच्छतेसाठी आणि निम्मा पिण्याच्या पाण्यासाठी होता. उरलेला ४० टक्के अबंधित निधी अकराव्या अनुसूचीतील विषयांवर गावाच्या गरजेप्रमाणे खर्च करता येतो, पण वेतन आणि आस्थापना खर्च त्यातून भागवता येत नाही. समजा, एखाद्या गावाला वर्षभरात १० लाख रुपये मिळाले, तर ३ लाख स्वच्छतेचे, ३ लाख पाण्याचे आणि ४ लाख गावाने ठरवायचे, असा हिशेब होतो. सोळाव्या वित्त आयोगाचा कालखंड २०२६-२७ पासून सुरू होतो. आयोगागणिक प्रमाण बदलू शकते, मात्र निधीला हेतू चिकटलेला असतो हे तत्त्व कायम राहते.

जैन वाचकाला हे तत्त्व नवे वाटू नये. श्वेतांबर मूर्तिपूजक संघात देवद्रव्य, ज्ञानद्रव्य, जीवदया आणि साधारण अशी खाती वेगवेगळी असतात. स्वप्नांच्या बोलीतून आलेली रक्कम देवद्रव्यात जमा झाली की ती उपाश्रयाच्या दुरुस्तीला किंवा स्वामीवात्सल्याला वळवता येत नाही. संघाची सर्वांत मोठी अडचणही बहुधा हीच असते की देवद्रव्याचे खाते भरलेले असते आणि साधारण खात्यात तूट असते. स्थानकवासी आणि दिगंबर परंपरांत खात्यांची नावे वेगळी असली तरी दात्याने ज्या हेतूने दिले त्याच हेतूने खर्च व्हावे, याविषयी दुमत नाही.

ग्रामपंचायतीची स्थिती नेमकी अशीच आहे. पाण्याच्या टाकीसाठी पैसा पडून आहे आणि अभ्यासिकेच्या वीजबिलाला पैसा नाही, असे दृश्य दिसले की लोक रागावतात. सरपंच वाईट आहे असा निष्कर्ष ताबडतोब निघतो. पुष्कळदा खरे कारण एवढेच असते की पहिले खाते बंधित आहे आणि दुसऱ्या खात्यात शिल्लक नाही. उलट बाजूने, ‘निधी बंधित आहे’ ही सबब अबंधित पैशाबाबतही पुढे केली जाऊ शकते. कोणता पैसा कोणत्या खात्याचा, हे ज्याला माहीत आहे तोच या दोन प्रसंगांतला फरक ओळखू शकतो. संघाच्या सभेत हा फरक ओळखणारी शेकडो कुटुंबे आहेत. ग्रामसभेत ती दिसत नाहीत, ही उणीव आहे.

मुळशीच्या अडचणी

मुळशीला पैशाचा ओघ नवा नाही. गेल्या शतकाच्या आरंभी टाटा कंपनीने वीजनिर्मितीसाठी मुळशी येथे धरण बांधण्यास घेतले, तेव्हा सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली १९२१ मध्ये शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला. धरण झाले, मावळे विस्थापित झाले आणि मुळशीचे पाणी घाट उतरून कोकणातील भिरा येथील वीजकेंद्राकडे जाऊ लागले. त्या लढ्याच्या मुळाशी एक प्रश्न होता: पिढ्यान्‌पिढ्यांच्या जमिनीच्या जागी हातात रोख रक्कम आली तर ती किती काळ पुरते? शतकभराने उद्योग, गृहसंकुले आणि नगररचना यांच्या निमित्ताने तोच प्रश्न तालुक्यासमोर पुन्हा उभा राहिला. २०१८ मध्ये आलेल्या प्रवीण तरडे यांच्या ‘मुळशी पॅटर्न’ या चित्रपटाने जमीन विकून आलेला पैसा संपल्यावर तरुणांची वाट कशी चुकते, हे घरोघर पोचवले. चित्रपटात रंग भडक असतात, हे मान्य. तरीही गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाला त्यातील चिंता ओळखीची वाटली.

अनुदानाच्या बाबतीत मुळशीची पहिली अडचण लोकसंख्येची आहे. वित्त आयोगाच्या वाटपात लोकसंख्येला मोठे वजन असते आणि तो आकडा २०११ च्या जनगणनेतून घेतला गेला. त्यानंतर भूगाव, पिरंगुट, माण, हिंजवडी या गावांत राहायला आलेली कुटुंबे कचरा टाकतात, पाणी वापरतात, रस्त्यावर वाहने आणतात; मात्र अनुदानाच्या हिशेबात ती धरलेली नाहीत. वाढत्या गावाला जुन्या डोक्यांच्या मोजणीवर संसार चालवावा लागतो. त्यामुळे अशा गावांत स्वतःच्या उत्पन्नाला, म्हणजे कराच्या वसुलीला, विशेष महत्त्व येते.

दुसरी अडचण निवडणुकांची. निवडून आलेले मंडळ अस्तित्वात असेल तरच वित्त आयोगाचा निधी मिळावा, अशी अट आहे. पुणे जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यानंतर दीर्घकाळ तेथे प्रशासकाचा कारभार होता. निवडणूक लांबणे ही केवळ राजकारण्यांची चिंता आहे असे समजणाऱ्यांनी ही अट ध्यानात ठेवावी. मतदान लांबले की गटाराचे कामही लांबू शकते.

तिसरी गोष्ट हद्दीची. ३० जून २०२१ रोजी पुणे महानगरपालिकेत २३ गावे समाविष्ट झाली. त्यांत सूस, म्हाळुंगे आणि बावधन बुद्रुक होती. तेथे आता ग्रामसभा नाही. मागणी महापालिकेच्या अंदाजपत्रकात मांडावी लागते. ज्या गावांत ग्रामसभा अजून आहे, तेथे तिचे मोल किती आहे हे या शेजाऱ्यांकडे पाहून कळते. महापालिकेत नागरिकाला नगरसेवकामार्फत बोलावे लागते. ग्रामसभेत तो स्वतः उभा राहून बोलू शकतो.

तरुणांसाठी काय आहे

मुळशी ही मल्लांची भूमी म्हणून ओळखली जाते. २०१७ च्या अखेरीस महाराष्ट्र केसरी कुस्ती स्पर्धा भूगाव येथे झाली आणि अभिजित कटके यांनी गदा पटकावली. एखादे गाव राज्यपातळीवरील स्पर्धा आपल्या अंगणात भरवू शकते, ही त्या गावाच्या संघटनशक्तीची साक्ष आहे. हीच शक्ती वर्षाचे बाराही महिने तालमीत, अभ्यासिकेत आणि प्रशिक्षण वर्गात दिसावी, यासाठी शासनाच्या काही योजना उपयोगी पडतात.

क्रीडा व युवक सेवा विभागामार्फत व्यायामशाळा विकास आणि क्रीडांगण विकास यांसाठी अनुदान दिले जाते. प्रस्ताव जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जातो. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ अन्वये मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांना त्यांच्या अ, ब, क, ड या वर्गाप्रमाणे वार्षिक अनुदान मिळते. ग्रंथालये आणि व्यावसायिक प्रशिक्षण हे अकराव्या अनुसूचीतील विषय असल्याने वित्त आयोगाचा अबंधित निधीही त्या कामी लावता येतो. १९७२ पासून कार्यरत असलेली नेहरू युवा केंद्रे आणि २०२३ मध्ये सुरू झालेला ‘माय भारत’ हा मंच युवक मंडळांना उपक्रमांशी जोडतात. २०२४ मध्ये राज्य शासनाने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. तिच्यात बारावी उत्तीर्ण तरुणास दरमहा ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकास ८,००० आणि पदवीधरास १०,००० रुपये विद्यावेतन ठेवण्यात आले.

योजनांची वानवा नाही. अडते ते वेगळ्याच ठिकाणी. पैसा खर्च करणे सर्वांत सोपे कोठे असते? सिमेंटमध्ये. प्रवेशद्वाराची कमान, पेव्हर ब्लॉक आणि सभामंडप यांचे मोजमाप घेता येते, देयक काढता येते, उद्घाटन करता येते. अभ्यासिकेत रोज सायंकाळी चार तास शिस्तीने बसणाऱ्या पंचवीस मुलांचे उद्घाटन करता येत नाही. म्हणून खोली बांधून होते आणि मुले येत नाहीत. व्यायामशाळेची यंत्रे येतात, काही महिन्यांत गंजतात, कुलूप लागते, आणि ‘तरुणांना उत्साहच नाही’ असा ठपका तरुणांवरच येतो.

अनुदान बांधते, गाव चालवते

बँकेत कर्जाचा प्रस्ताव तपासताना भांडवली खर्च आणि चालू खर्च असे दोन रकाने वेगळे केले जातात. यंत्र घ्यायला कर्ज मिळाले, पण वीज, मजुरी आणि कच्चा माल यांसाठी खेळते भांडवल नसेल, तर कारखाना आजारी पडतो. सार्वजनिक कामालाही हाच नियम लागू आहे. शासकीय अनुदान बहुतांशी भांडवली खर्चासाठी असते. खेळते भांडवल गावाने उभे करायचे असते.

उदाहरणादाखल एका व्यायामशाळा-अभ्यासिकेचा हिशेब मांडून पाहू. समजा, मार्गदर्शकाचे मानधन दरमहा ८,०००, वीज २,५००, साफसफाई २,००० आणि किरकोळ दुरुस्ती व वृत्तपत्रे मिळून १,५०० रुपये. एकूण १४,००० रुपये महिना, म्हणजे वर्षाला १,६८,००० रुपये. बाजारपेठेतील ६० दुकानांनी हा भार वाटून घेतला तर प्रत्येकाच्या वाट्याला वर्षाला २,८०० रुपये, दिवसाकाठी आठ रुपयांच्याही आत येतात. रक्कम क्षुल्लक आहे. तिच्याशिवाय मात्र लाखो रुपयांचे बांधकाम निरुपयोगी ठरते.

शासन, संस्था आणि लोक यांनी आपापला वाटा उचलल्यास काय घडते, याची उदाहरणे महाराष्ट्रात आहेत. २०१७ च्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत इंधनाचा खर्च शासनाकडे, यंत्रसामग्रीचा भार संस्थांकडे आणि गाळ वाहून नेण्याचा खर्च शेतकऱ्याकडे अशी वाटणी होती. कोणीही सर्व भार दुसऱ्यावर टाकला नाही, म्हणून काम उभे राहिले. शांतिलाल मुथ्था यांनी स्थापन केलेली पुण्याची भारतीय जैन संघटना या कामात पुढे होती. १९९३ च्या लातूर भूकंपानंतर वाघोली येथे सुमारे बाराशे मुलांचे शिक्षण आणि संगोपन याच संघटनेने केले. समाजाची शक्ती मंदिर-स्थानकाच्या पलीकडे वळली तर काय करू शकते, याचा तो पुरावा आहे.

त्याहून जुने उदाहरण कर्मवीर भाऊराव पाटलांचे. कुंभोज येथे १८८७ मध्ये जन्मलेल्या या जैन कुटुंबातील पुरुषाने १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. वसतिगृहातील मुलांसाठी घरोघरी मूठभर धान्य गोळा करण्याची त्यांची पद्धत सर्वश्रुत आहे. त्या मुठीचा लाभ धान्यापुरता नव्हता. ज्या घरातून मूठ जाते, त्या घराचे लक्षही संस्थेवर राहते. आज दुकानदाराने अभ्यासिकेला वर्षाला २,८०० रुपये दिले, तर ती उघडी आहे की बंद, हे तो जाता-येता पाहील. अनुदानाला हा पहारा विकत घेता येत नाही.

पाटोदा हे छत्रपती संभाजीनगरजवळचे गाव भास्करराव पेरे पाटील सरपंच असताना नावारूपाला आले. सर्व कर वेळेवर भरणाऱ्या कुटुंबांना तेथे दळण मोफत दळून मिळू लागले. कर हा दंड नसून सेवेचे मूल्य आहे, हे गावाला यापेक्षा सोप्या रीतीने समजावता आले नसते. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने पोपटराव पवारांच्या काळात दरवर्षी पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडण्याची प्रथा पाडली. किती पाऊस झाला, किती पाणी जमिनीत मुरले, त्यावर कोणते पीक घेता येईल, हे सर्वांसमक्ष ठरू लागले. या दोन्ही गावांचे यश अनुदानाच्या आकड्यापेक्षा हिशेब उघड करण्याच्या सवयीत अधिक आहे.

वही कशी वाचावी

ग्रामपंचायतीच्या हिशेबाचे नमुने ठरलेले आहेत. नमुना १ म्हणजे अंदाजपत्रक, नमुना ५ म्हणजे सामान्य रोकडवही, नमुना ८ म्हणजे कर आकारणी नोंदवही आणि नमुना ९ म्हणजे कर मागणी नोंदवही. रोजमेळ आणि खतावणी वाचणाऱ्याला यांत अवघड काही नाही. ‘ई-ग्रामस्वराज’ या केंद्र शासनाच्या संकेतस्थळावर गावाचा वार्षिक आराखडा, मंजूर कामे आणि झालेला खर्च घरबसल्या पाहता येतो. घरातील महाविद्यालयीन मुलगा किंवा मुलगी अर्ध्या तासात ही माहिती काढून देईल. माहितीचा अधिकार अधिनियम २००५ हे त्यापुढचे साधन आहे, परंतु जे उघड उपलब्ध आहे ते आधी वाचलेले बरे.

महाराष्ट्रात ‘आमचं गाव, आमचा विकास’ या उपक्रमाखाली गावाचा विकास आराखडा तयार होतो. पुढील वर्षाच्या आराखड्याची प्रक्रिया साधारणतः २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते आणि डिसेंबरपर्यंत चालते. ज्या कामाची मागणी या काळात नोंदली गेली नाही, त्याचा समावेश नंतर करून घेणे कष्टाचे असते. ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी आहे. हजारो मतदारांच्या गावात शंभर माणसे गावाचा वर्षाचा खर्च ठरवू शकतात. त्या शंभरांत व्यापारी कुटुंबांतले दहा जण असले, तरी चर्चेचा सूर बदलेल. ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद आहे. घराचा आणि दुकानाचा हिशेब सांभाळणाऱ्या स्त्रियांनी तेथे अवश्य जावे.

सभेत जाताना चार प्रश्न लिहून न्यावेत. गेल्या वर्षी कोणत्या खात्यात किती आले आणि वर्षअखेर शिल्लक किती राहिली? बंधित निधीतून कोणती कामे झाली आणि ती आज चालू स्थितीत आहेत काय? कराची मागणी किती होती आणि वसुली किती झाली? नव्या कामाचा वार्षिक चालू खर्च कोण आणि कशातून करणार? यांतला शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे. तो शांतपणे विचारला गेला तर निम्म्या कमानी कागदावरच राहतील आणि त्या पैशात काही दिवे लागतील.

तिसरा प्रश्न विचारणाऱ्याने आपल्या दुकानाची आणि गोदामाची करपावती खिशात ठेवावी. थकबाकीदाराने हिशेब मागणे शोभत नाही. वाढीव बांधकामाची नोंद नमुना ८ वर नसेल, तर ती आधी करून घ्यावी. अचौर्य अणुव्रताचा अर्थ श्रावकाला वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

संकोच कशाचा

व्यापारी ग्रामसभेला जात नाही, याची कारणे आहेत आणि ती सर्वस्वी अवाजवी नाहीत. ज्याला सर्वांना माल विकायचा आहे, त्याला कोणाशीही वैर परवडत नाही. गावात दोन गट असतील तर एका गटाला प्रश्न विचारणे म्हणजे दुसऱ्याचा माणूस ठरणे. काहींचे दुकान पिरंगुटला आणि घर कोथरूडला असते. गावच्या मतदारयादीत नावच नसल्याने ते ग्रामसभेचे सदस्य होऊ शकत नाहीत. ज्या वेळी सभा असते, त्या वेळी गिऱ्हाईकही असते.

या अडचणींवर उपाय आहेत. प्रश्न एकट्याने विचारण्याऐवजी बाजारपेठेच्या वतीने, लेखी आणि सह्यांसह द्यावेत. ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकाकडून, पोच घ्यावी. प्रश्न माणसाविषयी नसून खात्याविषयी असावा. ‘अमुक पैसे कोणी खाल्ले’ असे विचारले की भांडण होते. ‘अमुक खात्याची शिल्लक किती’ असे विचारले की वही उघडावी लागते. जे मतदार नाहीत, त्यांनाही करदाते म्हणून लेखी सूचना करता येतात आणि चालू खर्चाचा वाटा उचलता येतो. मात्र वर्गणी देताना ती रीतसर पावती घेऊन, हेतू लिहून, ग्रामनिधीत किंवा नोंदणीकृत संस्थेच्या खात्यातच द्यावी. रोख हातात दिलेली वर्गणी दात्याचे समाधान करते, हिशेबाचे नाही.

दानाच्या बाबतीत जैन समाजाला कोणी उपदेश करण्याचे कारण नाही. पांजरापोळ, पाणपोई, भोजनशाळा, रुग्णालये, शाळा यांची परंपरा जुनी आहे. आहार, औषध, ज्ञान आणि अभय या चार दानांपैकी ज्ञान आणि अभय यांचा आजच्या मुळशीतला अर्थ मात्र नव्याने पाहावा लागेल. जमीन गेलेल्या घरातील मुलाला सायंकाळी बसायला उजेडाची जागा मिळणे हे ज्ञानदान आहे. बाजारातून रात्री घरी जाणाऱ्या मुलीच्या वाटेवर दिवा लागणे हे अभयदान आहे. या दोन्हींसाठी लागणारा बराचसा पैसा शासनाने गावाच्या नावे आधीच ठेवलेला असतो. उणीव असते ती त्याच्या हिशेबाकडे लक्ष देणाऱ्या माणसांची आणि साधारण खात्यात घालायच्या थोड्या रकमेची.

पर्युषण संपल्यावर काही आठवड्यांतच २ ऑक्टोबर येतो आणि त्यानंतर दिवाळीचे वहीपूजन. संघाचे हिशेब वाचून झालेले असतात, पेढीच्या नव्या वह्या आणायच्या असतात. त्या दोहोंच्या मध्ये गावाच्या वहीसाठी एक सकाळ राखून ठेवावी. सभेची नोटीस ग्रामपंचायतीच्या फलकावर लागते. ती पाहून तारीख आणि वेळ दुकानातल्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी, आणि जाताना घरातल्या एका तरुणाला बरोबर न्यावे.